ईश्वरीसाठी दुर्बीण

१२ जानेवारी, रविवार

वहिनीचा फोन आला. ९ फेब्रुवारीला तिच्या ईश्वरीचा सातवा वाढदिवस आहे, रविवारच आहे, या वेळी यायचंच. गेल्या वर्षी मी ऑडिट आहे असं सांगितलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही तेच. वहिनी म्हणाली, "ताई, तुमच्या कंपनीत फेब्रुवारीत दुसरं काही होतच नाही का?" येते म्हटलं.

अर्ध्या तासाने त्याच फोनवरून ईश्वरीचा निरोप आला, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. आठवड्यात दिसलेले पक्षी: बुलबुल, वेडा राघू, कोतवाल, खंड्या, भोरड्या खूप आणि एक शेपटी वरखाली करणारा, ज्याचं नाव नानांनाही माहीत नाही. शेवटी म्हणाली, "चिमण्या सांगत नाही, त्या घरातल्याच आहेत."

हा नाद तिला नानांमुळे लागला. गेल्या हिवाळ्यात ते तिला द्राक्षबागेत राखणीला घेऊन जायचे. पाखरं मण्यांवर उतरली की पत्र्याचा डबा वाजवायचा, एवढंच काम. हाकलण्याआधी प्रत्येकाचं नाव विचारायची, असं वहिनी सांगते.

नाना म्हणजे माझे वडील. ते माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे नाही. दोन वर्षांपूर्वी लासलगावच्या एका मुलाशी माझं ठरत होतं. याद्या करायच्या दिवशी त्याच्या काकांनी सांगितलं की लग्नानंतर नोकरीचं काही खरं नाही. मी चारचौघांत नाही म्हणाले. नानांनी शब्द दिलेला होता. तेव्हापासून मी घरी असले की ते आईमार्फत बोलतात. "तिला विचार, जेवली का." मी तिथेच, समोर बसलेली असते.

ईश्वरीसाठी जाते आहे. नाना बोलतील की नाही हा वेगळा मुद्दा आहे आणि तो माझ्या हातात नाही.


१६ जानेवारी, गुरुवार

भेट काय द्यायची याचा तक्ता केला. पक्ष्यांचं मराठी पुस्तक: चित्रं चांगली हवीत, ती अजून जोडून जोडून वाचते. टांगायचं घरटं: आमच्या पडवीत चिमण्यांची आधीच चार आहेत. दाणे ठेवायचं भांडं: पाखरांना द्राक्षबागेजवळ बोलावून खायला घालणं, नानांच्या घरात, फेब्रुवारीत. खोडलं. बटण दाबल्यावर पक्ष्यांचे आवाज काढणारं खेळणं: आवाज ऐकला. कोकीळ आणि रिक्षाचा हॉर्न यांत फरक करता आला नाही.

राहिली दुर्बीण.


१९ जानेवारी, रविवार

शहरात मेन रोडवरची खेळण्यांची तीन दुकानं बघितली. मुलांची म्हणून जी दुर्बीण मिळते ती म्हणजे रबर लावलेल्या दोन नळ्या. एकीची भिंगं मी खिडकीकडे धरून बघितली, दोन्ही बाजूंना वेगवेगळी चित्रं, कडेला निळं-जांभळं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पोरं दोन दिवस खेळतात आणि टाकून देतात." टाकून देणारच. त्यातून काही दिसतच नाही. मुलांना वाईट वस्तू द्यायची आणि मग मुलांचं मन टिकत नाही म्हणायचं.

मी खरी घेणार आहे. आठ पट, बेचाळीस मिलिमीटरची भिंगं. दहा पट नको, हात जरा हलला की चित्र हलतं.


२२ जानेवारी, बुधवार

लॅबमध्ये आशा मॅडमना सांगितलं. आमच्या विभागात मायक्रोमीटर, गेज वगैरे तपासून प्रमाणपत्र देण्याचं काम चालतं. आशा मॅडम तापमानाचं बघतात आणि त्यांना दोन मुलं आहेत. माझा तक्ता वाचून त्या म्हणाल्या, "निकिता, पोरीला सर्टिफिकेट लावून देणार आहेस का फुगे?" मग म्हणाल्या, एकदा तिच्या डोळ्याला लावून बघ, मग घे. चप्पल घेताना आपण पाय नेतो की नाही.

त्यांना सांगितलं की मग ती अचानक दिलेली भेट राहणार नाही. शिवाय दुर्बिणीला मापं नसतात, चपलेला असतात.


२५ जानेवारी, शनिवार

घेतली. कॅनडा कॉर्नरच्या पुढे एक जुना चष्मेवाला आहे, तो मागवून देतो. वजन ६८० ग्रॅम. पट्टा रुंद करून घेतला. जवळात जवळ दोन मीटरवर फोकस होते, म्हणजे झाडाखाली उभं राहूनही चालेल. आत पाणी जात नाही. पत्रकातल्या बाराही ओळी वाचल्या.

गच्चीवरून तपासली. पाण्याच्या टाकीवरचा कारखान्याचा क्रमांक १४० मीटरवरून वाचता आला. समोरच्या तारेवर एक कोतवाल बसला होता, त्याच्या शेपटीची डावी पट्टी उजवीपेक्षा थोडी आखूड होती. पंधरा मिनिटं बघत बसले. हे तपासणीत धरता येणार नाही.

सोबत एक वही केली. रकाने आखले: तारीख, वेळ, पक्षी, संख्या, अंतर, शेरा. शेरा या शब्दाऐवजी 'आणखी काय' लिहिलं.

पहिल्या पगारात मी घरातल्या सगळ्यांसाठी काहीतरी घेतलं होतं. आईला साडी, सोमनाथदादाला घड्याळ. नानांना व्हर्नियर कॅलिपर. त्या वर्षी एक्स्पोर्टवाले अठरा मिलिमीटरचा मणी मागत होते आणि नाना अंगठ्याने मापायचे. त्यांनी तो उघडून बघितला, परत डब्यात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी बापाला मापायला शिकवते." हसून म्हणाले की कसं, ते आठवत नाही. पुढे त्याचं काय झालं माहीत नाही. हे आज का आठवलं, माहीत नाही.


९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला निघाले, निफाडच्या पुढे रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, साडेनऊला घरी पोचले. बाग काढणीला आलेली. घडांना कागद बांधलेले आहेत, लांबून सगळ्या बागेत वर्तमानपत्र वाळत घातल्यासारखं दिसतं.

नाना ओट्यावर होते. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि आत तोंड करून म्हणाले, "लंका, पाणी दे तिला. उन्हातनं आलीय." आईने पाणी आणलं आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. म्हणजे इतकं तरी बोलले, असं तिला म्हणायचं होतं. ते बोलणं मला नव्हतं, तिलाच होतं.

ईश्वरीचे पुढचे दोन दात पडले आहेत. तिने खोका दात नसलेल्या तोंडाने उघडला, म्हणजे सेलोटेप दातांनी तोडायचा प्रयत्न केला. दुर्बीण तिने बाहेर काढली. दोन्ही हातांनी धरली आणि पोटाशी घेतली. मग मी तिला मागच्या बाजूला नेलं, विहिरीवरच्या बाभळीवर एक वेडा राघू बसला होता. फोकस मी लावून दिला.

"दिसतंय का?"

"हो."

"काय दिसतं?"

तिने ती डोळ्यावर थोडी सरकवली. "सगळं," ती म्हणाली.

नंतर तिने ती ओट्यावर नानांजवळ नेली आणि दोघं काहीतरी कुजबुजले. मी केक कापायला मदत करत होते. वळून बघितलं तर नाना दुर्बीण उलटी-सुलटी करून बघत होते आणि ईश्वरी त्यांच्या कानाशी बोलत होती. माझं लक्ष आहे हे बघून त्यांनी ती खाली ठेवली.

निघताना आईने द्राक्षं दिली, पिशवीभर. वरचे दोन घड कागदातले, एकसारख्या मण्यांचे. आई म्हणाली नानांनी निवडून ठेवलेत, मग म्हणाली, नाही, मीच ठेवले.

भेट योग्य ठरली असं मानायला हरकत नाही.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीने फोटो पाठवला. बागेच्या कडेला ईश्वरी, दुर्बीण डोळ्याला. ती जरा तिरकी धरलीय, आणि मान डावीकडे. पट्टा नीट आहे. तिला सरळ धरायला सांग असं कळवलं.

वहिनीचं उत्तर: "सांगितलं. ती म्हणते अशीच चांगली दिसते."


१८ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीचा फोन, तक्रारीचा. भोरड्यांचा थवा उतरला, वरच्या दोन ओळींतले कागद फाडले, आणि राखणीला गेलेले आजोबा-नात डबा वाजवायचं विसरून बघत बसले होते. सोमनाथदादाने जाऊन फटाके लावले. दादा चिडला. नाना त्याला म्हणाले, "अरे, चोच गुलाबी असती त्यांची. लय वर्षं बागेत हाय, आज कळलं."

वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही पोरीला दिली की सासऱ्यांना दिली?"

नाना लहान मुलांत रमतात, ते पहिल्यापासून. मी लहान असताना मला खांद्यावर घेऊन बागेतून फिरायचे असं आई सांगते.


२३ फेब्रुवारी, रविवार

वहीच्या पानांचे फोटो मागवले. नऊ पानं भरली आहेत. अपेक्षेपेक्षा जास्त.

दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. एक: ईश्वरी प्रत्येक पक्षी दोन गोलांत काढते. गोल एकमेकांवर थोडे चढलेले, आणि कडेचा भाग काळ्या खडूने भरलेला. पक्षी कधी या गोलात, कधी त्या गोलात, एकदा अर्धा. सुंदर दिसतं. शाळेत छेदणारी वर्तुळं शिकवतात का, असं वहिनीला विचारलं. पहिलीत नाही शिकवत म्हणाली.

दुसरी: रकाने तिने भरलेले नाहीत. "भोरड्या. ३०० च्या वर. बागेची उत्तर कड. सकाळी ६.४० वा." वा-खाली दोन आडव्या रेघा. नानांच्या फवारणीच्या वहीत मी त्या रेघा लहानपणापासून बघत आले आहे. 'आणखी काय' या रकान्यात एका ठिकाणी लिहिलंय: "कावळ्याला मागून चावला. छोटा असून भीत नाही." तो कोतवाल असणार.

एक पान तीनदा बघितलं. मजकूर काही विशेष नाही. अंतराच्या रकान्यात त्यांनी पावलं लिहिली आहेत आणि कंसात मीटर. ४२ पावलं (३१ मी.). पावलाची लांबी त्यांनी आधी मोजली असणार, त्याशिवाय हे जमत नाही.


१ मार्च, शनिवार

घरी गेले. दुसऱ्यांदा, महिन्याभरात. कारण: द्राक्षांचा खुडा चालू आहे, आईला मदत. बागेत वीस बायका कात्र्या घेऊन, क्रेट भरताहेत, नाना रस्त्याच्या बाजूला गाडीवाल्याशी बोलत होते. मी आल्याचं त्यांनी बघितलं. आईला सांगितलं, "तिला म्हणाव डोक्याला काही बांध."

दुपारी ईश्वरीला घेऊन विहिरीकडे गेले. तारेवर खंड्या होता. मी दुर्बीण तिच्या हातात दिली आणि म्हटलं, सांग, चोच कोणत्या रंगाची. तिने लावली. मान डावीकडे. मी शेजारी उभी होते, मागच्या वेळेसारखी समोर नव्हते, म्हणून दिसलं. तिचा डावा डोळा उघडा होता आणि उजवा मिटलेला. दुसरं भिंग तिच्या कानशिलाकडे गेलेलं.

दोन्ही डोळ्यांनी बघ म्हटलं. बघितलं. म्हणाली, "लाल." खंड्याची चोच लालच असते, हे तिला दुर्बिणीशिवायही माहीत आहे. मी विचारलं, किती गोल दिसतात?

ती पायाने माती उकरायला लागली.

"ईशू, मी रागावणार नाही. मला माप हवंय."

"दोन," ती म्हणाली. "आणि मधे काळं. नानांना एकच दिसतो."

पहिल्या दिवसापासून? तिने मान हलवली. मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर ती इकडेतिकडे बघून अगदी हळू बोलली.

"नाना म्हणले सांगू नको. म्हणले, तिनं लय मनापासून आणलीय, तिला वाईट वाटंल. म्हणले आपण दोघं मिळून बघू, मी बघतो आन् तुला सांगतो, तू चित्र काढ."

मी बहुतेक "ठीक आहे" म्हणाले. खंड्या उडून गेला.

ती म्हणाली, "आत्या, आता तू नानांना सांगू नको मी सांगितलं म्हणून."

नाही सांगणार म्हटलं.


२ मार्च, रविवार

चूक कुठे झाली ते शोधलं. पत्रकातली सातवी ओळ: दोन डोळ्यांमधलं अंतर, ५६ ते ७४ मिलिमीटर. दुर्बिणीच्या दोन नळ्या मिटवल्या तरी ५६च्या आत येत नाहीत. ही ओळ मी वाचली होती. माझं अंतर ६१ आहे. बसतंय, असं म्हणून आठव्या ओळीवर गेले.

सात वर्षांच्या मुलीच्या दोन डोळ्यांमधलं अंतर पन्नासच्या आसपास असतं. हे कुठेही बघितलं असतं तर सापडलं असतं. मी काच तपासली, वजन तपासलं, पट्टा तपासला, गच्चीवर जाऊन टाकी वाचली, आणि जिच्यासाठी घेतली तिच्याऐवजी स्वतःचा चेहरा मोजला. लॅबमध्ये असं कुणी केलं असतं तर मी त्याचा अहवाल परत पाठवला असता.

आशा मॅडमना सांगावं लागेल. चपलेचं.

दोन गोलांची चित्रं पुन्हा काढून बघितली. ती शैली नव्हती, नोंद होती. तिने अगदी बरोबर नोंद केली होती.


३ मार्च, सोमवार

आशा मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, "तुझे वडील भारी आहेत हं." मी म्हटलं ते माझ्याशी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "हो, ते दिसतंच आहे," आणि चहाला गेल्या.

मधून दोन ठिकाणी दुमडणाऱ्या छोट्या दुर्बिणी असतात, त्या बऱ्याच जवळ येतात. चष्मेवाल्याकडे दोन प्रकार आहेत. एक ४८पर्यंत मिटते, दुसरी ५२पर्यंत. दुसरीचं भिंग जास्त चांगलं आहे. म्हणजे माप लागणार, आणि अंदाजे चालणार नाही.

वहिनीला कळवलं: ईश्वरीला लांब बघायला सांगून डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोज, मिलिमीटरमध्ये. कारण लिहिलं नाही. नवीन दोन मॉडेल आलीत, एक ४८चं, एक ५२चं, एवढंच.


४ मार्च, मंगळवार

वहिनीचं माप: ६०. तिने शिवणाच्या टेपने, नाकावरून गोल फिरवून घेतलं. सोमनाथदादाचं: "पाच सेंटिमीटर असंल, घे काही पण." आईने ईश्वरीकडून निरोप पाठवला की बोटभर आणि अर्धं. कुणाचं बोट, ते नाही.

तिन्ही बाद. शनिवारी स्वतः जाऊन घ्यावं लागेल. आठवडा वाया जाईल, भोरड्या मार्चअखेरीस जायला लागतात.


५ मार्च, बुधवार

सकाळी सात बत्तीसला फोन वाजला. नंबर नानांचा. पहिल्यांदा वाटलं आईला काहीतरी झालं. उचलला.

"एक्कावन्न पॉइंट आठ," नाना म्हणाले.

मी पेन शोधायला लागले.

"ऐकू येतंय का? एक्कावन्न पॉइंट आठ. तीनदा घेतलं. एकदा एक्कावन्न सात आलं, पण तवा ती हसली."

कशाने घेतलं, असं विचारलं.

"कशानं म्हणजे? तुझ्या व्हर्नियरनं. मणी त्यानंच तर मापतो मी, आज सहा वर्षं झाली. खुड्याच्या आधी झिरो बघून घेतो." फोनवर मागे पाखरांचा गलका होता, ते बागेतच असणार. मग म्हणाले, "पोरीनं सांगितलं ना तुला?"

मी तिला शब्द दिला होता. मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं.

"बरं," नाना म्हणाले. खोटं आहे हे त्यांना कळलं असावं. "बावन्नवाली चालंल का मग?"

बावन्नची घेतली तर पॉइंट दोनचा फरक राहील, तेवढा डोळा सांभाळून घेतो, आणि ती वाढणार आहे, असं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा म्हणून बघितलं, पॉइंट दोन, आणि पटलं म्हणाले. मोठी दुर्बीण परत द्यायची का, चष्मेवाला बदलून देतो का, असं मी विचारायला लागले, तर मधेच म्हणाले,

"मोठी राहू दे इकडंच. राखणीला लागती."

मग म्हणाले, "तुझं किती गं अंतर?"

"एकसष्ट."

"माझं चौसष्ट. तुझ्या आईनं घेतलं, एखादा पॉइंट इकडंतिकडं असंल. तुला बी बसती मग ती." पुन्हा पाखरांचा आवाज. डबा वाजला नाही. "रविवारी ये. उजाडताना येतात भोरड्या, उत्तर कडंला. ऊन चढलं की नाय दिसत."

फोन ठेवला. दोन मिनिटं अकरा सेकंद. फोनवर तिसरं कुणी नव्हतं.

दुपारी चष्मेवाल्याकडे जाऊन बावन्नची घेतली. या वेळी दुकानातच पट्टी लावून मोजली: एक्कावन्न पॉइंट नऊपर्यंत मिटते. त्याचं पत्रक चुकीचं आहे, चांगल्या बाजूने.

रविवारी सहा चाळीसला उत्तर कडेला पोचायचं तर इथून पाचला निघावं लागेल. त्या वेळी थंडी असते. डोक्याला बांधायला काहीतरी काढून ठेवलं आहे.